उणे दोन हरणं

एका जंगलात, मुलांनो, गणिताचा मिट्ट अंधार होता. निदान शलाका नावाच्या साळिंदराच्या मुलीला तरी तसंच वाटायचं.

सात डोंगरांपलीकडच्या शाळेत शिकून ती परत निघाली, तेव्हा तिला वाटलं होतं, वेशीवर सगळं जंगल वाट बघत असेल. म्हणेल, "दोन चलांची समीकरणं शिकून आलीस? आम्हालाही शिकव, बाई!"

प्रत्यक्षात वेशीवर एकटी ठिपकी उभी होती. ठिपकी म्हणजे तिची लहानपणची मैत्रीण, चितळाची. सोबत तिचं पाडस होतं.

"किती वाळलीस गं!" ठिपकी म्हणाली. "तिकडे मुळं-बिळं मिळायची की नाही?"

शलाका खचली नाही. अज्ञान असंच प्रेमळ असतं, हे तिला ठाऊक होतं.

लवकरच संधी चालून आली. उन्हाळ्यानं तळं आटत चाललं होतं. बगळ्यांना काठ किती आणि हरणांना किती, ते ठरवायचं होतं. राजेसाहेब सिंहांनी विचारलं, "मुळात कोण किती आहेत?"

कारभारी होता तरस. त्यानं दोघांना मोजायला धाडलं. घारमावशी आकाशातून बघायची. तिला नुसती डोकी दिसली. कासवकाका खालून बघायचा. त्याची नजर पायांच्या वर जाईना.

"डोकी चाळीस," मावशी म्हणाली.

"पाय शहात्तर," काका म्हणाला.

शलाकाचे काटे आनंदानं ताठ झाले. हुबेहूब पुस्तकातलं उदाहरण! वर्गातली टवाळ पोरं विचारायची, असं मोजतं तरी कोण? आता त्यांनी इथे यावं आणि डोळे भरून बघावं.

तिनं अंगावरचा एक काटा उपसला आणि ओल्या वाळूत लिहायला घेतलं. "बगळ्यांची संख्या क्ष मानू. हरणांची य मानू."

"मानायचं कशाला?" ठिपकी म्हणाली. "आम्ही बारा आहोत. विचार की!"

"अगं, तोंडी उत्तराला गुण नसतात. रीत लागते, रीत!"

"रीत लागते," तरसानं मान डोलावली. तो शब्द त्याला फार आवडला.

क्ष अधिक य बरोबर चाळीस. दोन क्ष अधिक चार य बरोबर शहात्तर. काटा वाळूत सरसर फिरला. उत्तर आलं: बगळे बेचाळीस, हरणं उणे दोन.

शलाकानं घाबरून ताळा केला. ताळा तंतोतंत जुळला.

"उणे दोन म्हणजे?" राजेसाहेबांनी विचारलं.

"म्हणजे महाराज, हरणांकडून आपल्याला दोन हरणं यायची आहेत," तरस म्हणाला.

"अस्सं!" राजेसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच गणित समजलं.

बगळ्यांचे म्होरके धवलराव खाकरले. "मग काठ सगळा आमचाच. चाळिसांत बेचाळीस म्हणजे स्पष्ट बहुमत आहे."

"अहो, मी इथे उभी आहे!" ठिपकी ओरडली. "माझं लेकरू उभं आहे. आम्ही काय उणे आहोत?"

"भावनेनं गणित सुटत नाही, ताई," तरस म्हणाला. आणि येणं असलेली दोन हरणं म्हणून वसूल व्हायचा मान त्यानं ठिपकीला आणि तिच्या पाडसालाच दिला.

शलाका धावत तळ्यावर गेली. बगळे उभे होते. प्रत्येकाचा एक पाय पाण्यात, दुसरा पिसांत. अठ्ठावीस बगळे, अठ्ठावीस पाय.

ती धापा टाकत परतली. "महाराज, चुकलं! बगळे एका पायावर उभे असतात. हरणं बाराच आहेत!"

"रीत दाखव," तरस म्हणाला. "तोंडी उत्तराला गुण नसतात."

तिनं धवलरावांना हात जोडले. "आजोबा, मोजणीपुरता दुसरा पाय टेकाल?"

"पोरी, आमच्या घराण्यात भर तळ्यात दोन पाय कुणी टेकलेले नाहीत. आणि दुसरा पाय ही आमची खासगी बाब आहे."

अखेर राजेसाहेबांनी मन मोठं केलं. "सकाळी पुन्हा मोजा. उत्तर तेच आलं, तर न्याहारीला दोन."

शलाका खालमानेनं ठिपकीकडे गेली. "समीकरण बरोबर होतं गं. गृहीत चुकलं."

"बरं," ठिपकी म्हणाली. "पाडसाला सांगते तसं."

सकाळी उठल्यावर शलाकानं एक गोष्ट ठरवली. आज ती कुणालाही काहीही शिकवणार नव्हती.

मोजणी सुरू व्हायच्या आत ती तळ्यावर गेली आणि बगळ्यांना नेमकं ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात ठिपकीला म्हणाली, "कळलं का गं? काठ म्हणे पायागणिक वाटणार आहेत. जितके पाय टेकलेले, तितका काठ."

छप्प! अठ्ठावीस पाय एकदम पाण्यात उतरले. धवलरावांनी तर पंखही टेकवून पाहिले.

"अरेच्चा," कासवकाका पुटपुटला, "एकशे चार!"

वाळूत काटा फिरला, आणि ठिपकी पाडसासकट अधिक झाली.

तात्पर्य: उत्तर चुकलं, तर गणित तपासत बसू नये, ते कुणाला आवडलंय, ते आधी पाहावं. आणि खरं उत्तर हवं असेल, तर एखादी चांगलीशी थाप मारावी. मात्र वहीत थाप लिहू नये, रीतच लिहावी. गुण तिलाच असतात.