दारयावेशाचं खोबरेल

आमचे शेजारी शालोमकाका कधी कुणाकडे काही मागत नसत. आपण आपखुशीनं देईपर्यंत कुंपणापाशी उभे राहून दारयावेश राजाचं कौतुक करत, बस्स!

"परका राजा गं! इराणचा! तरी यरुशलेमच्या आमच्या मंदिराला बैल दिले, मेंढे दिले, मीठ दिलं, तेल दिलं..." तेलापाशी सूर लांबला की मी समजायची, शुक्रवारच्या दिव्याचं खोबरेल संपलंय. जॉन्सनव्हिलच्या त्या मेल्या वाऱ्यात केस सांभाळत मी बाटली नेऊन द्यायची. "आपखुशीनं ना?" हे विचारल्याशिवाय घेतील तर शपथ! एकदा सतीश, माझा नवरा, गमतीनं म्हणाला, "छे, जबरदस्तीनं!" झालं! बाटली परत. विकतच्यापेक्षा दिलेलं तेल जास्त वेळ जळतं म्हणे. डोकं फिरायचं माझं.

काका मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे यहुदी. मुलापाठोपाठ इथे न्यूझीलंडला आले. मुलगा नोकरीसाठी ऑकलंडला गेला आणि मागच्या हिवाळ्यात त्यांची बायको, आमच्या रिवकाकाकू, वारल्या.

वर्षाच्या दिवशी काकूंच्या नावानं प्रार्थना म्हणायची, तर दहा यहुदी पुरुष हवेत. काकांनी वेलिंग्टनभर फोन करून आठ जमवले. नववे स्वतः, दहावा मुलगा.

संध्याकाळी आम्हीही गेलो. आठही म्हातारे कोट न काढता बसून होते. तेवढ्यात मुलाचा फोन. काकांनी स्पीकरवर घेतला, त्यामुळे सगळ्यांनीच ऐकलं.

"सॉरी डॅड, ऑफिसमध्ये हीप्स, ढीगभर काम आहे. नाही जमत."

"बरं," काका म्हणाले. एवढंच. मला त्या मुलाचा असा संताप आला!

थोड्या वेळानं माणसं चुळबुळत उठायला लागली. सतीशला राहवेना. "काका, मी उभा राहतो. आपखुशीनं."

काकांनी त्याचा हात धरला. "दारयावेशानं सगळं दिलं रे. पण त्यालासुद्धा दहावा धरला नसता."

प्रार्थना झालीच नाही. पाहुणे गेले. सतीशचा हात काकांनी सोडला नव्हता.

"तारकीही माशाचं कालवण केलंय, सगळ्यांना पुरेल एवढं. तुम्ही तरी जेवून जा. ती गेल्यापासून या टेबलावर मी एकटाच जेवतो."

आम्ही बसलो. वाढता वाढता काका पहिल्यांदाच काकूंबद्दल बोलायला लागले आणि थांबेचनात. सतीश पोट भरलं तरी भात मागत राहिला.