बारकूतात्यांचं पान सत्तावीस

"पान चौदा. कुत्रं वारलं."

सकाळी साडेनऊला माझं शटर अर्धंच वर गेलेलं असतं, हातात झाडू असतो, आणि खालून आधी एक छत्री, मग एक पांढरी टोपी आणि मग अख्खे बारकूतात्या आत येतात. नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकदम बातमी.

"कुणाचं कुत्रं, तात्या?"

"अगो, पान चौदावरचं! 'पाड्याच्या तोंडाशी काळं कुत्रं भुंकेल, भिऊ नये, चावत नाही.' ते वारलं बिचारं. आता तिथं तांबडं हाय."

"बरं, तांबडं करते."

"तांबडं कर. आन 'चावत नाही' काढ."

"चावतं?"

तात्यांनी पायजमा वर करून पोटरी दाखवली. पट्टी बांधलेली होती. "तपासून आलोय," म्हणाले. "तीन सुया झाल्या, दोन ऱ्हायल्या."

आता अशा माणसाला हसावं की ओरडावं, तुम्हीच सांगा. मी दोन्ही केलं.

शहापूरला एसटी स्टँडच्या मागे माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दाखले, अर्ज, लग्नपत्रिका हे माझं पोट भरतं, आणि बारकूतात्यांचं पुस्तक माझं डोकं खातं. 'शहापूर-मुरबाड : पायी कसे जाल?' अठ्ठेचाळीस पानं, पिवळं कव्हर, शर्टाच्या खिशात मावेल असा आकार. टायपिंग माझं, नकाशे तात्यांच्या हातचे. आतापर्यंत पाच आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक वेळी मी हात जोडून म्हटलंय, तात्या, आता पुरे. तात्या टोपी नीट करतात आणि म्हणतात, "गो सुरेखा, वाट काय आपल्याला इचारून बदलते काय?"

तात्या हिवताप खात्यात होते. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दोन्ही तालुक्यांतले पाडे पायाखाली घातले. घरोघर जायचं, ताप कुणाला आलाय का विचारायचं, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, दारावर गेरूने तारीख टाकायची आणि पुढचं घर गाठायचं. त्यांना लांबून बघूनच पोरं झाडावर चढायची. बायकोही त्यांना अशीच मिळाली. म्हशाजवळच्या एका पाड्यात त्यांनी एका मुलीच्या बोटाला सुई टोचली, तर ती रडायची सोडून फिसकन हसली. "मंग आनखी चार येळा गेलतो तपासायला," तात्या सांगायचे. "ताप कुनालाच नवता." तीच आमची हिराकाकी. तात्या हे सांगायला लागले की काकी आतून ओरडायची, "पाच येळा! रगत सुकवलान माजं!"

निवृत्त झाल्यावर माणूस घरी बसतो. तात्यांचे पाय काही बसेनात. मग पुस्तक निघालं.

या पुस्तकात किलोमीटर नाहीत. अंतर आहे ते तंबाखूच्या बारात. 'विहिरीपासून देऊळ दोन बार.' पहिली आवृत्ती बघून ठाण्याच्या एका बाईंनी विचारलं, आम्ही तंबाखू खात नाही, आम्ही काय करायचं? तात्यांना ते पटलं. दुसऱ्या आवृत्तीत खाली टीप आली : 'तंबाखू न खाणाऱ्यांनी दर बाराला वीस मिनिटे धरावीत. खाणाऱ्यांनी सोडावी.' नकाशात उत्तर दिशा नाही. मी एकदा म्हटलं, तात्या, नकाशाला उत्तर लागते हो. तर म्हणाले, "उत्तरेला कोन चाललाय? जिथं जायचं ते वर, जिथून आलो ते खाली." मी तसंच टाइप केलं.

पण एक नियम मात्र कडक. स्वतः चालून तपासल्याशिवाय ओळ छापायची नाही. "पाय लागल्याबिगर पान लागत नाय," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही टाइप करीन. आणि खोटं झालेलं पान ठेवायचं नाही. एका देवळाचा पुजारी वाटसरूंना गूळपाणी द्यायचा, तो वारला. तात्यांनी तो अख्खा परिच्छेद काढला. मी म्हटलं, राहू द्या की, चांगला माणूस होता. तर माझ्यावरच डाफरले, "लोक तहानेले जातील ना तिथं! चांगला व्हता म्हनून घागर भरंल काय?"

एकदा म्हशाच्या जत्रेत त्यांनी पुस्तकांचं दुकान मांडलं. एका बाजूला बैलबाजार, दुसऱ्या बाजूला घोंगड्या, मध्ये हे. दिवसभरात दोन प्रती खपल्या. त्यातली एक पंचांग समजून नेलेली. तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी परत आला आणि एकादशी कुठल्या पानावर आहे म्हणून भांडला.

आता त्यांचा वैरी कोण, हे वेगळं सांगायला नको. मोबाईल!

रविवारी सकाळी तात्या आटगाव स्टेशनबाहेर पिवळी पुस्तकं घेऊन उभे असतात. पाठीला पिशव्या लावलेली पोरं उतरली की हे पुढे. एका रविवारी मीही होते, मावशीला न्यायला गेले होते. एक पोरगा म्हणाला, "नको काका, मॅप आहे."

"बघू," म्हणाले तात्या, आणि फोन हातात घेऊन उलटा केला. खालून बघितला, बाजूने बघितला. "याला पाय हायेत का?"

"अं?"

"पाय, पाय! नायत ना? मंग ह्यो गेलता कवा तिथं?"

पोरं खो खो हसली आणि निघाली. तात्या मागून ओरडले, "नाल्यापाशी डावी घेऊ नका रे, बाबांनो! तिथं वाट नाय, गोठा हाय!" पोरांनी डावीच घेतली. दुपारी ती चिखलाने भरून परत आली, तेव्हा तात्या त्याच जागी उभे. फक्त पान एकोणीस उघडून समोर धरलं. तीन पुस्तकं खपली.

पण खोटं कशाला सांगू, फोननेही एकदा त्यांना चीत केलंय. रस्ता रुंद करताना पुस्तकातला मोठा आंबा तोडला गेला. 'आंब्यापाशी उजवीकडे वळा' म्हणून लोक पुस्तक घेऊन आंबा शोधत उन्हात फिरले, आणि फोनवाले नव्या रस्त्याने सरळ पोचले. तात्या दोन दिवस दुकानावर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले. "पान एकतीस," म्हणाले, "जिथं आंबा व्हता तिथं आता काय नाय. तिथून उजवी." मी म्हटलं, तात्या, 'काय नाय' कसं दिसणार हो लोकांना? ते म्हणाले, "दिसतंय गो. मला लांबून दिसतंय."

तर असा हा माणूस. मेलेल्या कुत्र्याची नोंद घेणारा. आणि म्हणूनच पान सत्तावीस मला छळत होतं.

पान सत्तावीस म्हणजे शहापुराहून मुरबाडकडे जाणारी वाट. त्यात असं आहे : 'सापगाव आले की निळ्या दाराचे घर. पाणी, कोरा चहा आणि तांदळाची भाकरी मिळेल. घरच्या बाई जास्त वाढतात. नको म्हणू नये.'

ते घर तात्यांचं. घरच्या बाई म्हणजे हिराकाकी. रविवारी पाच-सात माणसं त्या ओटीवर जेवून जायची. काकी कुणाकडून पैसे घ्यायची नाही, वर जाताना लसणाच्या चटणीची पुडी द्यायची. मीही किती वेळा जेवलेय. पुस्तकातलं सगळ्यात खरं पान कुठलं असेल, तर ते.

काकीला जाऊन दोन वर्षं झाली.

त्यानंतर पाचवी आवृत्ती निघाली. तात्यांनी कच्च्या छपाईवर लाल पेनने बत्तीस दुरुस्त्या केल्या. पान सत्तावीसवर एकही नाही. मला वाटलं, दुःख ताजं आहे, जाऊ दे. आता सहावी आली. कुत्रं झालं, हातपंप झाला, पंक्चरवाला दुसरीकडे गेला तेही झालं. पान सत्तावीसवर लाल ठिपकासुद्धा नाही. मला रोज वाटायचं विचारावं, आणि रोज मी दुसऱ्याच पानाचं काहीतरी विचारायचे. एवढी तोंडाळ बाई मी, गिऱ्हाइकं मला वचकून असतात, आणि या दोन ओळींपुढे माझी बोबडी वळायची.

शेवटी फायनल प्रिंट काढायच्या आदल्या दिवशी धीर केला. स्क्रीनकडे बघतच म्हटलं, "तात्या, पान सत्तावीस... तसंच ठेवायचं?"

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आमच्या खात्यात एक नियम व्हता. आपल्या घरची तपासनी आपन नाय करायची, दुसऱ्यानं करायची. तू येत्या रविवारी ये. तपास. खोटं असलं तर काढून टाक. मी एक शब्द बोलनार नाय."

"मी? मी काय तपासणार?"

"जे लिवलंय ते. पानी, चा, भाकरी. उपाशी ये."

रविवारी गेले. निळं दार उघडं होतं. आतून थप, थप, थप असा आवाज येत होता, आणि मी खरंच सांगते, पायरीवरूनच मी 'काकी' अशी हाक मारणार होते. तो काकीचाच आवाज होता. म्हणजे तिच्या भाकरीचा.

आत तात्या बसलेले. टोपी खुंटीला, कोपरापर्यंत पीठ, पुढ्यात परात. बाजूच्या टोपलीत सात-आठ भाकऱ्या. एकही गोल नाही. एक तर सरळ मुरबाड तालुक्याचा नकाशा.

"हे कधी शिकलात?"

"वरीस झालं. शेजारची भागी शिकवते. पयल्या म्हैन्यातल्या भाकऱ्या गायीनंबी नाय खाल्ल्या." तव्यावरची उलटताना बोट भाजलं, ते त्यांनी कानाच्या पाळीला लावलं. "लोक येतात गो अजून. पुस्तक वाचून येतात. दारात उभं ऱ्हातात आन इचारतात, घरच्या बाई कुठं हायेत? पयल्या येळी मी नुसता उभा ऱ्हायलो. पानीसुदिक नाय इचारलं. ते गेल्यावर वाटलं, आपलं पुस्तक खोटं बोललं. पान काढायला पेन हातात घेतलं. नाय जमलं." पुढचा गोळा त्यांनी परातीत आपटला. "मंग म्हटलं, पान काढता येत नाय, तर खरं करू."

मी पदराने डोळे पुसले आणि धुराचं नाव घेतलं. धूर नव्हताच, घरात गॅस आहे.

तेवढ्यात ओटीवर दोन मुली आल्या. कल्याणच्या, सायकलींवर. हातात पिवळं पुस्तक वगैरे काही नाही, फोन. एकीने विचारलं, "आजोबा, काकींची भाकरी इथेच ना? मॅपवर दाखवतंय."

तात्यांचा हात परातीतच थांबला. "बघू," म्हणाले.

मुलीने फोन पुढे केला. कुणीतरी कधीतरी या घरावर खूण करून ठेवली होती. 'काकींची भाकरी.' खाली एक फोटो : हिराकाकी, दारात, एका हातात भाकरी, दुसरा हात फोटोवाल्याला 'चल, काय तरीच' म्हणून उगारलेला, आणि फिसकन हसलेली. तात्यांच्या घरात काकीचा एकच फोटो आहे, रेशनकार्डासाठी काढलेला. त्यात ती जरासुद्धा हसलेली नाही.

मला वाटलं, आता फोन उलटा होणार. आता पाय शोधणार. तात्यांनी पीठ लागलेला हात पायजम्याला पुसला, एक बोट हळूच काचेजवळ नेलं, पण लावलं नाही.

"हा आलता गो इथं," मला म्हणाले. "म्हंजे हा खरंच येऊन गेलाय."

मग मुलींना म्हणाले, "बसा पोरींनो. ती नाय आता. मी हाय. हात धुवा."

त्यांनी आम्हा तिघींना वाढलं. भाकरी, वालाची भाजी, चटणी. मी दुसरीनंतर "पुरे" म्हटलं, तर तिसरी पानात पडली. एक मुलगी "नको नको" म्हणाली, तिला दोन पडल्या. जाताना चटणीच्या पुड्या. मुलींनी फोटो माझ्या फोनवर पाठवला. त्या गेल्यावर तात्या माझ्यासमोर उकिडवे बसले.

"बोल. ठेवायचं का काढायचं?"

"खरं सांगू?"

"खोटं सांगितलंस तर टायपिंग दुसरीकडं करीन."

"पाणी थंड आहे. चहात साखर जास्त. भाकरी जाड आहे, तात्या. आणि एका बाजूने करपलेली."

"मंग?"

"ठेवायचं."

तात्यांनी मान खाली घातली. मग उठले, कोनाड्यातून गेरूचा खडा काढला आणि माझ्या हातात दिला. मी निळ्या दारावर, त्यांच्या जुन्या खात्यासारखी, तारीख टाकली.

सोमवारी साडेनऊला शटरखालून छत्री आली. "पान सत्तावीस," तात्या म्हणाले, आणि मी टाइप करत गेले :

'सापगाव आले की निळ्या दाराचे घर. पाणी, कोरा चहा आणि तांदळाची भाकरी मिळेल. घरच्या बाई जास्त वाढायच्या. त्या आता नाहीत, त्यांचा नवरा वाढतो. भाकरी जरा जाड असते. नको म्हणू नये.'

शेजारी काकीचा फोटो छापला. हसलेला.