कॉन्सर्टिना वाजवण्यास सशर्त परवानगी

ज्या विषयातलं आपल्याला काहीच कळत नाही, त्याच विषयावर माणूस निःपक्षपाती मत देऊ शकतो. आमच्या इमारतीच्या समितीने हे तत्त्व पहिल्यापासून पाळलं आहे. तिचा चिटणीस या नात्याने मला याचा अभिमान वाटतो.

तिसऱ्या मजल्यावरचे चष्मेवाले काका रोज संध्याकाळी तासभर कॉन्सर्टिना वाजवत. (दोन सहाकोनी लाकडी डबे, मध्ये घड्यांचा भाता, दोन्ही टोकांना बटणं. ही माहिती सर्वांची मतं घेऊन झाल्यावर मिळाली.) आजारपणात काकूंची वाचा गेली होती. दिवसभर त्या भिंतीकडे बघत पडून असत. काका वाजवू लागले की मात्र त्यांची बोटं चादरीवर ताल धरत. तक्रार आली तेव्हा काका म्हणाले, "तेवढा एक तास राहू द्या हो. तेवढ्यातच ती माझ्याकडे बघते."

समिती भावनेच्या आहारी गेली नाही. तिने घरोघरी मत मागवलं. काकांचं घर सोडून उरलेल्या एकतीस घरांपैकी एकतीस घरांना मत होतं. (वाद्य पाहिलेली घरं: एक. चौकशीअंती तो सायकलचा पंप निघाला.) सोळा घरांच्या मते हे पेटीचं पिल्लू असून नीट निगा राखल्यास त्याची पेटी होते. नऊ घरांच्या मते त्याला अक्कल लागत नाही, नुसतं ओढायचं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या दिरांनी ऐकलं होतं की हे खलाशांचं वाद्य आहे. सबब इमारतीला ओल येण्याची भीती त्यांनी लेखी कळवली. उरलेल्यांनी "बहुमताप्रमाणे" असं लिहिलं.

मग काकांना समितीपुढे बोलावलं. त्यांनी एक बटण दाबून भाता ओढला, एक सूर आला. तेच बटण दाबून भाता मिटला, दुसराच आला.

"एका बटणाचे दोन सूर?" निवृत्त मुख्याध्यापक कडाडले. "म्हणजे काय वाजवायचंय ते तुमचंच ठरलेलं नाही!"

"ते तसंच असतं, सर," काका म्हणाले. (नोंद: वादक गोंधळलेला.)

अंगठ्यापाशी आणखी एक बटण होतं. ते दाबलं की भाता नुसती हवा घेतो आणि सोडतो, सूर निघत नाही. हे बटण समितीला एकमताने आवडलं. ठराव झाला: सदर वाद्य रोज एक तास, इच्छा असल्यास दोन तासही, फक्त याच बटणावर वाजवावं.

काका ठराव काटेकोर पाळतात. मी स्वतः पाहणी केली. भाता उघडत होता, मिटत होता. काकू भिंतीकडे बघत होत्या. मला फार वाईट वाटलं. (अहवालात त्यासाठी रकाना नाही.)

"हात बसलाय हो आता त्यांचा," मुख्याध्यापक जिन्यात म्हणाले.

आपल्याकडे अशी समिती नाही म्हणून वाचकांनी हळहळू नये. आज शेजारून काही ऐकू आलं का? नाही ना? मग तिथेही ठराव झालेला आहे, आणि आपण विरोध केल्याची कुठेही नोंद नाही.