वासनिक सरांची दुसरी खुर्ची

वासनिक सरांच्या घरी पाहुणा उभाच राहतो. समोरच्या खोलीत खुर्च्या दोन. एकीवर सर, दुसरीवर ढीग: पेपर, मफलर, विजेचं बिल, संत्र्यांची रिकामी थैली, पुन्हा पेपर. कोणी हात लावला की सर ओरडतात, "थर मोडू नका!"

सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, बायको गेली, आता नालवाडीत आमच्या शेजारी एकटे असतात. लग्नाच्या पंगतीतही भातावरच्या वरणाकडे बोट दाखवतात. "वरचं नवं, खालचं जुनं. उलटं दिसलं, तं समजजो, कोणीतरी उलथापालथ केली." मग कालवतात आणि "झाला भूकंप" म्हणून पहिला घास घेतात.

लोक हसतात. मी जळतो. आजवर हे कोणाजवळ बोललो नाही. आमची पोरगी अंकिता कॉलेजातून आली की बॅग घरात आणि पाय सरांच्या दारात. माझं भांड्यांचं दुकान. स्टीलच्या डब्याचं वय विचारायला कोण येतं?

देवळीजवळच्या आमच्या शेतात विहीर खणली, तेव्हा तर सर न बोलावता हजर. डोक्याला दुपट्टा बांधून क्रेनच्या बादलीत बसले अन् खाली गेले. वर यायचं नाव नाही.

"सर, काय करून राह्यले खाली?"

"वाचून राह्यलो, भाऊ!"

वर आले ते पांढुरका दगड घेऊन. त्यात नखाएवढी गोगलगाय, दगड झालेली. अंकिताला सांगू लागले, "खाली काळा पाषाण, वर काळा पाषाण. दोन्ही लाव्ह्याचे. खालचा थंडा झाला, त्याच्यावर तळं साचलं, गोगलगायी जगल्या, मेल्या. मंग दुसरा लाव्हा आला."

"वय गोगलगाय सांगते?"

"ते फक्त थर वळखू देते. वर्षं मोजाले लाव्हाच पाह्यजे. सहा-साडेसहा कोटी धर."

विहीर माझी, पोरगी माझी, आणि ती बघत होती सरांकडे.

परवा म्हणाली, "बाबा, मी जिऑलॉजी घेते. सरांशी बोलले."

"मंग सरच बाप तुहा! तिथंच राह्य!"

ती गेली. तिच्या टेबलावरचा दगड उचलून मीही मागोमाग गेलो, तो परत करायला.

"मले बसायचं आहे," म्हणालो आणि ढीग ओढला. सगळा जमिनीवर. तळाशी अर्धवट विणलेलं स्वेटर होतं, सुया अजून त्यातच.

सर ओरडले नाहीत. खाली बसले, सुया सांभाळत स्वेटर खुर्चीवर ठेवलं. "दवाखान्यात जाताना तिनं इथंच ठेवलं होतं. येतोच म्हणे." पुढे काय ठेवायचं, त्यांना सुचेना.

"दिवाळीचा पेपर, सर," अंकिता म्हणाली. "मंग थैली. मंग विजेचं बिल."

तिला सगळा क्रम पाठ होता. शेजारच्या घरात ती काय शिकते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ती सांगत गेली, मी एकेक वस्तू सरांच्या हातात देत गेलो. शेवटी माझ्याजवळ दगड उरला. तो वर ठेवला.

सरांनी चष्मा पुसला. "सहा कोटी वर्षांचा, अन् सगळ्याच्या वर! उलथापालथ झाली, भाऊ."

"काढू का?"

"राहू द्या. कोणी केली, ते ठाऊक आहे." आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा."

अंकिताने चहा आणला. पहिला कप सरांना दिला.

मी जळलो. पण बसून जळलो.