आईचे चार कान

एका जंगलात एक शाळा होती. जंगलात शाळा कशाला, असं विचारू नका. मीही लहानपणी विचारलं होतं, तेव्हा गुरुजींनी मला दिवसभर अंगठे धरून उभं केलं होतं.

शाळेच्या मागे, मोडकी बाकं ठेवतात त्या खोलीत, विशेष वर्ग भरायचा. बाकीच्यांसारखी न शिकणारी मुलं तिथे असायची. त्यांना साळुंकीबाई शिकवायच्या. साळिंदराचा गोंद्या एका जागी बसत नसे, म्हणून बाई त्याच्याकडून नाचत नाचत पाढे म्हणून घेत. कासवाच्या यमीला सगळ्याच गोष्टींना वेळ लागे, म्हणून नाटकात ती नेहमी राणी व्हायची. राणीला कुणी घाई करत नाही.

आणि तिथे मोहू होती. अस्वलाची पोर. सहा वर्षांची झाली तरी तिने एक शब्द उच्चारला नव्हता. बाई ढोलकीवर तीन थापा मारत, मोहू तीनदा पाय आपटे. असं करत ती दहापर्यंत पोचली, पण तोंड काही उघडत नव्हतं. तिची आई रोज कुंपणाबाहेर बसून वाट बघायची, आज तरी काही ऐकू येतं का म्हणून.

शिक्षकांच्या खोलीत मात्र साळुंकीबाईंचं बरं चाललंय, असं मत होतं. मुलांना रंग द्यायचे आणि आपण बसायचं. हे मत चित्रकलेच्या मोरसरांचं होतं. त्यांनी स्वतः वीस वर्षं फळ्यावर एकच फुलदाणी काढली होती आणि मुलांनी ती वीस वर्षं उतरवून घेतली होती.

एके दिवशी बाईंनी जांभळं कुस्करून रंग केला. मोहूने अर्धा रंग खाल्ला आणि उरलेल्या रंगात आई काढली. जांभळी आई. तिला चार कान होते.

बाई त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. मोहू बोलत नाही, तरी तिला भूक लागलेली, काटा बोचलेला, भीती वाटलेली आईला कळते. एवढं सगळं ऐकायला दोन कान कसे पुरणार? बाईंनी ते चित्र वर्गाच्या दारावर लावलं. मोहू समोर उभी राहिली आणि तिचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण हलले. अजून वर्षभर मिळालं तर पोर बोलेल, असं बाईंना वाटलं.

तेवढ्यात परिपत्रक आलं. विशेष वर्गात प्रगती दिसली नाही, तर वर्ग बंद करावा. तपासणीला बगळेसाहेब येणार होते. तेच ते, जे तळ्यात एका पायावर उभे राहून बालकल्याणाचा विचार करतात.

आता, तपासणीआधी शाळांमध्ये एक रीत असते. मुलांचं हस्तकाम शिक्षक नीट करून ठेवतात. मातीचे आंबे शिक्षक वळतात, कागदी फुलं शिक्षक कापतात, खाली नाव मुलाचं घालतात. साहेबांना हे ठाऊक असतं, कारण तेही पूर्वी शिक्षक असतात. त्यामुळे कुणाचीच फसवणूक होत नाही.

मुख्याध्यापक सांबरसरांनी दारावरचं चित्र बघितलं आणि मोरसरांना बोलावून घेतलं.

"सर, ते कान तिने विचार करून काढलेत," साळुंकीबाई म्हणाल्या.

"बाई, साहेब विचार मोजत नाहीत. कान मोजतात," सांबरसर म्हणाले. "वर्ग वाचवायचाय ना तुम्हाला?"

बाईंना वर्ग वाचवायचा होता. त्या गप्प बसल्या. मुलांनो, या गोष्टीत बाई चुकल्या त्या एवढ्याच.

मोरसरांनी अस्वल काळं केलं. जादा कान पुसले. शेजारी फुलदाणी काढली.

तपासणीच्या दिवशी साहेब वर्गात आले. मागे सगळे शिक्षक हात बांधून उभे. साहेबांनी चित्र बघून मान डोलावली. मोहूनेही चित्र बघितलं. ती जवळ गेली. कान होते तिथे तिने पंजा फिरवला. मग ती साहेबांकडे वळली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

"माझ्या आईचे कान कुठे गेले?"

साळुंकीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुंपणाबाहेर आईने ऐकलं आणि ती ताडकन उभी राहिली. सहा वर्षं जे ऐकायचं होतं ते असं येईल, हे तिला कुठे माहीत होतं?

साहेबांनी वही काढली. विद्यार्थिनी प्रश्न विचारते. वाक्य शुद्ध. चित्रकला उत्तम, फुलदाणी विशेष. मग त्यांनी परिपत्रक उलटं केलं. मागच्या बाजूलाही एक नियम होता, तो सांबरसरांनी वाचलाच नव्हता. प्रगती दिसली, तर गरज संपली असं समजून वर्ग बंद करावा.

वर्ग बंद झाला. शाळेला ढाल मिळाली. ती ठेवायला त्याच खोलीत कपाट केलं. साळुंकीबाईंची बदली नदीपलीकडच्या शाळेत झाली, तिथे त्यांच्याकडे जनगणनेचं काम आहे.

मोहूला साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं. कानांचं तिने आणखी दोनदा विचारलं. पहिल्यांदा तिला मध्ये बोलू नकोस म्हणून सांगितलं आणि दुसऱ्यांदा अंगठे धरायला लावले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. पुढे तिने कुणालाच काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले. त्यांनी वहीत लिहिलं : विद्यार्थिनी अजिबात बोलत नाही. विशेष वर्गाची तातडीने शिफारस. शाळेत विशेष वर्ग उपलब्ध नाही.

आई अजूनही कुंपणाबाहेर बसते.

तात्पर्य : मुलांनो, बोलायला जरूर शिका, पण साहेबांसमोर बोलू नका. तुम्ही गप्प आहात, तोवरच तुमच्यासाठी काही करायचं असतं.