डार्करूममधले बटाटे

निवृत्त फोटोग्राफरने मागच्या अंगणातले बटाटे खणून काढले, तेव्हा दोन पोती भरली. बायकोला त्या अंगणात गुलाब लावायचे होते. तिने तिथेच अट घातली.

"लेक सुट्टीला येईपर्यंत हे टिकले, तर अंगण तुमचं. सडले, तर माझे गुलाब. मंजूर?"

"मंजूर."

भाजीवाल्याने सल्ला दिला, "साहेब, अंधारात ठेवा. उजेड लागला की बटाटा हिरवा पडतो. आणि दुसरं म्हणजे..."

दुसरं फोटोग्राफरने ऐकलंच नाही. त्याचा सगळा जन्म डार्करूममध्ये गेला होता. अंधार कसा करायचा हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

शिवणयंत्राच्या खोलीतून शिवणयंत्र बाहेर आलं. खिडकीला काळा कागद, झरोक्याला पुठ्ठा, दाराच्या फटीला घोंगडी आणि कुलपाच्या भोकात कापूस बसला. आत फक्त लाल दिवा.

"अहो, बटाट्यांना श्वास तरी घेऊ द्या!"

"फिल्म कधी श्वास घेते का?"

"फिल्मची भाजी करत नाहीत."

चपलांचं कपाटही त्याच खोलीत होतं. दार वाजवायचं, परवानगी मिळाली की झटकन आत शिरायचं आणि लाल उजेडात हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडायचं, असा नियम झाला. बायको वाचनालयाच्या सभेला पोचली तेव्हा तिच्या एका पायात काळी चप्पल होती, दुसऱ्यात तपकिरी. अध्यक्षीणबाईंनी भाषण थांबवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

काळ्या कागदाने शेजाऱ्यांची झोप उडवली. कोणीतरी कळवलं आणि हवालदार आला.

"दार उघडा."

"आधी बॅटरी बंद करा."

हवालदार आत जाऊन घामाघूम होऊन बाहेर आला. "आत भट्टी आहे नुसती! आणि हे तर बटाटे आहेत."

"मी कुठे नाही म्हणालो?"

"मग लपवता कशाला?"

लेक आली त्या दिवशी फोटोग्राफरने स्वतः दार उघडलं. पोती दिसेनात. त्यांच्या जागी फिकट, लांबलचक कोंबांचं रान माजलं होतं. त्यातला एक कोंब झरोक्याच्या पुठ्ठ्याला टेकला होता.

"बाबा, हे खायचे?" लेकीने विचारलं.

बायकोने एकेक बटाटा दाबून पाहिला. सुरकुतले होते, पण सडका एकही निघाला नाही.

"तुम्ही जिंकलात," ती शांतपणे म्हणाली. "अंगण तुमचं. आता हे सगळे लावून टाका. भाजीला मी बाजारातून आणते."

संध्याकाळपर्यंत एक पोतं मातीत गेलं. फोटोग्राफरला कंबर सरळ करता येईना. दुसरं पोतं त्याच्याकडे बघत उभं होतं.

"ऐकलंस का," तो म्हणाला, "या कोपऱ्यात तुझे गुलाब लावू या का? मला काही हरकत नाही."

"छे हो! जिंकलेली जागा अशी सोडतात का?" बायको म्हणाली आणि सावलीत खुर्ची ओढून बसली.