क्रमांक सतराचे केस

एक्कावन्नाव्या वर्षीही बाबांच्या डोक्यावर एक पांढरा केस नव्हता. कुणी वय विचारलं की ते आधी डोकं पुढे करायचे आणि मग आकडा सांगायचे. "आमच्या घराण्यातच आहे ते!" घराण्यातल्या बाकी सगळ्यांची डोकी कापसासारखी होती, पण ती मंडळी आता फक्त फोटोत असल्यामुळे उलट बोलत नव्हती.

खरं घराणं गीझरच्या मागे एका चपट्या बाटलीत होतं. दर दुसऱ्या रविवारी बाबा बाथरूमला कडी लावून चाळीस मिनिटं आत बसायचे. "पोटाची तक्रार," एवढंच सांगायचे. त्यावर उपाय म्हणून आई त्यांना दर शनिवारी एरंडेल पाजायची, आणि बाबा गेली दोन वर्षं ते नाक दाबून, हूं की चूं न करता गिळत होते. रूपासाठी माणूस काय काय सोसतो!

आई विद्यापीठात विषांवर संशोधन करायची. जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणाऱ्या कारखान्याजवळच्या लोकांच्या केसांत किती शिसं साठतं, हे ती तीन वर्षं मोजत होती. एका मोठ्या नियतकालिकाने तिचा निबंध जवळजवळ स्वीकारला होता. घोडं अडलं होतं ते एका अटीवर: तुलनेसाठी कारखान्यापासून लांब राहणाऱ्या तीस जणांचे केस तपासा, महिन्याभरात. मग काय, आई दिसेल त्याच्या मानेवर कात्री चालवत सुटली. विभागातले झाले, शेजारी झाले, शेवटी घरातले तिघं. मामाला टक्कल होतं, म्हणून विज्ञानाला त्याचा काही उपयोग नव्हता. तो सोफ्यावर बसून नुसते शेरे मारत होता.

केसांबरोबर एक अर्जही भरायचा होता. आई-बाबांची एकुलती एक, दहावीतली भिंगरी खणखणीत आवाजात तो वाचून दाखवत होती. "प्रश्न पाचवा. केसांना रंग लावता का?"

"लिहा भाऊजी, लिहा," मामा म्हणाला. "घराण्यातच आहे ना तुमच्या?"

बाबांनी 'नाही' लिहिलं. वर दोनदा अधोरेखित केलं.

आठ दिवसांनी आई घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"सतरा नंबरमध्ये भट्टीवरच्या कामगारापेक्षा दुप्पट शिसं निघालंय. चार नंबरही वाढलेला आहे, पण तो विभागातला. सोळा, सतरा, अठरा म्हणजे आपलं घर!"

"सतरा कोण पण?" भिंगरीने विचारलं.

"ते मलाही माहीत नाही. गट तेवढे ठाऊक असतात, नावांची यादी पाकिटात सीलबंद आहे. सगळी मोजणी संपण्याआधी ती फोडली तर अभ्यासच बाद."

"नियम म्हणजे नियम," बाबा घाईघाईने म्हणाले.

त्या दिवसापासून घराची रयाच गेली. आईने भांडी तपासली, नळाचं पाणी बाटल्यांत भरलं, भिंतींचा रंग खरवडायला काढला. खरवडायला शिडीवर कोण? बाबा! स्वतःच्या पापासाठी त्यांनी तीन खोल्यांच्या भिंती सोलल्या. अहवाल आले. पाणी स्वच्छ, भांडी स्वच्छ, रंग स्वच्छ.

"भिंगरीला गणितात एकोणीस पडले, तेव्हाच मला कळायला हवं होतं," आई म्हणाली. "शिसं पहिलं मेंदूवर जातं."

"बघा!" भिंगरीने टाळी वाजवली. "आळशी म्हणत होतात ना मला? शिसं होतं ते!"

पण संध्याकाळी आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बराच वेळ केसांतून हात फिरवत बसली. दारातून बघणाऱ्या बाबांनी हातातलं ताट तसंच परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त तपासायला सगळे गेले. नर्सने भिंगरीच्या दंडाला पट्टा बांधला. भिंगरीने डोळे गच्च मिटले. सुई जवळ आली.

"थांबा!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरचे दोन पेशंट उभे राहिले. "तिचं नाही ते. माझं आहे. मी... मी केस रंगवतो."

आई गर्रकन वळली. "कधी?"

"दर दुसऱ्या रविवारी."

"म्हणजे ते पोट?"

"ठणठणीत आहे."

"आणि दोन वर्षं एरंडेल?"

"प्यायलो की."

नर्सला हसू आवरेना, सुई बाजूला ठेवावी लागली. आई मात्र हसली नाही. तिने भिंगरीच्या दंडाचा पट्टा सोडून बाबांच्या दंडाला बांधायला लावला. "आता ह्यांचं काढा. भरपूर काढा."

रक्तात काळजीसारखं काही निघालं नाही. बाटलीवर मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत शिसं लिहिलेलं निघालं. मोजणी संपली, पाकीट उघडलं. सतरा म्हणजे बाबाच. आणि चार म्हणजे? विभागप्रमुख! एकोणसाठाव्या वर्षीही कावळ्यासारखे काळे केस. त्याचं श्रेय ते पहाटे उठण्याला देत फिरायचे.

"यंत्र चुकलं असेल," ते आईला म्हणाले.

"तसं छापू या का सर? पण यंत्र चुकतं म्हटलं तर अख्खा निबंधच जाईल."

निबंधावर त्यांचंही नाव होतं. त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"बरं. लिहा रंग," शेवटी म्हणाले. "फक्त वय लिहू नका."

त्या दोघांऐवजी दोन नव्या माना कात्रीखाली आल्या आणि निबंध मुदतीत पोचला. तीन महिन्यांनी छापूनही आला. बाबांचं डोकं तोवर अर्धं पांढरं झालं होतं, एरंडेल बंद झालं होतं, आणि भिंगरीचे एकोणीस मार्क पुन्हा तिच्याच आळशीपणाच्या खात्यावर जमा झाले होते.

पुढच्याच रविवारी बाथरूमची कडी लागली. वीस मिनिटं झाली. तीस झाली. चाळीस झाली. आई, मामा आणि भिंगरी दारापाशी गोळा झाले.

"बाबा!" भिंगरीने दार बडवलं. "पुन्हा रंग? बाटली द्या बाहेर!"

"बाटली नाही गं," आतून रडवेला आवाज आला. "एरंडेल असेल तर आत दे. सवय लागली मेली!"